रॉस्को टिलमनच्या शेवटच्या फटक्याविषयी माझा संशय

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या लीगच्या प्रमुख श्रीमती ऑगस्टा लिंडक्विस्ट, व्यासपीठावर बसलेले हार्कर्स फेरीचे महापौर, त्यांच्या शेजारी बसून केकवर नजर ठेवून असलेले रेव्हरंड ऑकर्मन, आजचे सत्कारमूर्ती रॉस्को टिलमन, त्यांच्या पत्नी बर्निसबाई, रिव्हरमेन संघातले आजी-माजी खेळाडू, आपला हॉल मोकळ्या मनानं देणारे अग्निशमन दलाचे स्वयंसेवक, आणि इथं जमलेल्या माझ्या गावकरी बंधू-भगिनींनो, तुम्हा सर्वांना हॉलिस ग्रीरचा नमस्कार.

बसा, बसा. टाळ्या नकोत. तुमच्या टाळ्यांची मला सवय नाही. त्या ऐकल्या की आपलं काहीतरी चुकलंय असं मला वाटायला लागतं.

आधी एक शंका बोलून दाखवतो, ती पोटात ठेवून मला पुढचं बोलता येणार नाही. मला इथं का बोलावलंय? मी बेसबॉलचा पंच. फलंदाजाच्या पायापाशी असते त्या प्लेटच्या मागे, चेंडू झेलणाऱ्या कॅचरच्या पाठीशी वाकून उभा राहणारा आणि कुठला चेंडू बरोबर, कुठला चूक ते ओरडून सांगणारा. खेळाडूच्या निरोपाला त्याचा कोच बोलतो, मित्र बोलतात, शाळेतले जुने मास्तर बोलतात. पंचाला कुणी बोलावतं का? या हॉलमधल्या निम्म्या लोकांनी मला भर मैदानात आंधळा म्हटलंय. तिसऱ्या रांगेतल्या मिसेस डॉब्सनी तर एकदा भाजलेल्या शेंगदाण्यांची अख्खी पिशवी माझ्या पाठीत घातली होती. बघा, त्या हसतायत. म्हणजे त्याच होत्या. इतकी वर्षं मला नुसता संशय होता.

मी चौकशी केली. तर कळलं, माझं नाव खुद्द रॉस्कोनं सुचवलंय. "हॉलिसला दोन शब्द बोलू द्या," म्हणाला. आता तुम्हीच सांगा, ज्याची बॅट मी जप्त करून करवतीनं उभी कापली, तो माणूस स्वतःच्या निरोपाला मला कशाला बोलावेल? यात कुठंतरी पाणी मुरतंय, असं मी नोरीनला, म्हणजे माझ्या बायकोला, त्याच दिवशी बोललो. ती म्हणाली, "तुला वाढदिवसाचं कार्ड आलं तरी तू पाकीट उजेडात धरून बघतोस." बघतो. त्यात वाईट काय आहे?

असो. सत्कारमूर्तींबद्दल चार चांगले शब्द बोलायचा रिवाज आहे, तो पाळतो. रॉस्को टिलमन हा माझ्या पाहण्यातला सर्वांत सभ्य फलंदाज. बाद दिला तर वाद नाही, थुंकणं नाही, बॅट आपटणं नाही. एकदा मी त्याला सरळसरळ चुकीचा निर्णय दिला, तेव्हा तो जाता जाता एवढंच म्हणाला, "चष्मा घरी राहिला वाटतं. नोरीनला फोन करू का?" असल्या माणसावर संशय घेणं कठीण असतं. मला ते जमलं, ही गोष्ट वेगळी.

मंडळी, जोरात फटके मारणारा माणूस म्हातारा होतो तो सगळ्या गावासमोर. तुमचं-माझं म्हातारपण घरात येतं, दार लावून. त्याचं तिकीट काढून बघायला लोक येतात. आधी पाय जातात. ते चालतं, कारण होमरन मारणाऱ्याला कुठं पळावं लागतं? चेंडू कुंपणाबाहेर पाठवला की तो आपला फिरायला निघाल्यासारखा मैदानाच्या चार कोपऱ्यांतल्या चारही बेसवरून चालत येतो. पण मग वेळ साधायची ताकद जाते. पिचरच्या हातून सुटलेला चेंडू सरळ वेगात येतोय की आपल्यापाशी येऊन खाली बुडणार आहे, ते ओळखायचं आणि मग बॅट फिरवायची. तरुण माणसाला एवढी फुरसत मिळते. चाळिशीतल्याला मिळत नाही. तो ओळखेपर्यंत चेंडू कॅचरच्या हातात जाऊन बसलेला असतो. गेल्या वर्षी मी हे रोज दोन हातांवरून बघत होतो. रॉस्कोची बॅट फिरायची ती चेंडू निघून गेल्यावर. मला वाईट वाटायचं. मी पंच आहे, दगड नाही.

आणि यंदा काय झालं, ते तुम्हाला ठाऊक आहे. वय वर्षं एकेचाळीस आणि होमरनवर होमरन. एक नदीकाठच्या झाडांत, एक धान्याच्या कोठारावर, एक तर रेव्हरंडसाहेबांच्या अंगणात. बाजारात, न्हाव्याकडे, चर्चच्या पायऱ्यांवर दुसरा विषय नाही. एमेट स्ट्राउडचा एका मोसमातल्या होमरनचा विक्रम, जो आपल्या आजोबांच्या वेळेपासून मैदानातल्या फळ्यावर आहे, तो रॉस्को मोडणार! सगळं गाव खुशीत होतं.

मला आनंद झाला का? छे. माझी झोप उडाली.

पहिला संशय बॅटवर. काही लोक बॅट आतून पोखरून त्यात बूच भरतात, म्हणजे ती हलकी होते आणि लवकर फिरते. मी बॅट जप्त केली आणि याच इमारतीत, मागं अग्निशमन दलाची हत्यारं असतात तिथं, कापायला घेतली. रॉस्को कॉफीचा कप घेऊन शेजारी उभा. म्हणाला, "सावकाश काप. काही निघालं तर अर्धं माझं." काय निघालं? लाकूड. त्या दोन फाळक्या बर्निसबाईंनी नेऊन टोमॅटोच्या वेलाला आधार म्हणून रोवल्या. येता-जाता मला दिसाव्यात म्हणून रस्त्याच्या बाजूला रोवल्या, असा मला दाट संशय आहे.

दुसरा संशय औषधांचा. हल्ली पेपरात काय काय येतं, आपण वाचतो. आपल्या अध्यक्षांनी त्याचं रक्त तपासून घेतलं. स्वच्छ. तिसरा संशय, धावफलकामागं बसणारा माणूस कॅचर पिचरला कुठला चेंडू टाकायच्या खुणा करतो, त्या दुर्बिणीतून बघून रॉस्कोला कळवत असावा. मी सामना संपल्या संपल्या अचानक जाऊन त्या खोलीचं दार उघडलं. तो हॅम सँडविच खात होता आणि मला बघून इतका घाबरला, की मला पुढचे दोन आठवडे त्या सँडविचचाच संशय येत राहिला.

हसा, हसा. मी पण हसलो असतो, पण ऑगस्टमध्ये लिंडक्विस्टबाईंनी मला कचेरीत बोलावलं. अध्यक्ष महोदया, आपली परवानगी आहे ना? हे बोलणं आपल्या दोघांतलं होतं. त्या मान हलवतायत. होकाराची आहे असं मी धरून चालतो.

बाई म्हणाल्या, "बसा, ग्रीर."

मी म्हटलं, "उभाच बरा आहे."

"टिलमनचे होमरन कधी होतात, कधी लक्ष दिलंत?"

"सगळ्यांनीच दिलंय, बाई. गावात दुसरं बोलतंय कोण?"

"तसं नाही. प्लेटमागे तुम्ही असलात की होतात. दुसरा पंच असला की तोच माणूस पुन्हा एकेचाळीस वर्षांचा होतो."

मी म्हटलं, "याचा अर्थ काय?"

"तेच मी तुम्हाला विचारतेय. त्याची बॅट तुम्हीच कापलीत. त्याचं रक्त मी तपासलं. त्याच्याविरुद्ध माझ्याकडे काही उरलं नाही. उरलात तुम्ही." मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मला हे आवडत नाहीये, ग्रीर. पण शेवटच्या सामन्यात प्लेटमागे मी तुम्हालाच उभं करणार आहे, आणि तुमच्या मागं बसून बघणार आहे. तेव्हाही हेच दिसलं, तर पुढच्या वर्षी पंचांमध्ये तुम्ही नसाल. आणि का नाही, ते मला लोकांना सांगावं लागेल."

आयुष्यभर ज्यानं दुसऱ्याच्या खिशात, बॅटीत, टोपीत डोकावून बघितलं, त्याच्याकडे कुणीतरी वळून बघितलं, तर कसं वाटतं? मी सांगतो. जेवण जात नाही. मी काही मोठा माणूस नाही. माझ्याकडे आहे काय? लोक मला आंधळा म्हणतात, खडूस म्हणतात, पण विकला गेलेला आजवर कुणी म्हणालं नव्हतं. तेवढंच होतं माझ्याकडे.

आता पुढचं ऐका. हे बाईंनाही माहीत नाही.

त्याच आठवड्यात एकदा मी स्वयंपाकघरात भांडं शोधत होतो. नोरीन खिडकीपाशी पाठ करून बटाटे सोलत होती. मी वरच्या फळीवर बघितलं, मधल्या फळीवर बघितलं, मग वाकलो. ती मागं न बघताच म्हणाली, "खालच्या कप्प्यात नाहीये ते."

मी म्हटलं, "तुला कसं कळलं मी खालच्या कप्प्यात बघतोय?"

"कसं म्हणजे? तुझा गुडघा वाजला की. खाली बसताना कटकन वाजतो. कुत्रासुद्धा दचकतो. हिवाळ्यापासून सांगतेय, डॉक्टरला दाखव."

मी तसाच खाली बसून राहिलो. मंडळी, खाली बुडणारा चेंडू नीट दिसावा म्हणून पंचाला जास्त वाकावं लागतं. आणि इतकी वर्षं कॅचरच्या पाठीमागं काढल्यावर, त्याचा खांदा कसा कलतो त्यावरून कुठला चेंडू येणार ते मला आधीच कळतं. म्हणजे चेंडू बुडणारा असला की मी आधीच खाली जायचो. गुडघा कटकन बोलायचा. चेंडू सरळ असला की मी वरच राहायचो, आणि गुडघा गप्प. आणि दोन हातांवर बॅट घेऊन उभा असलेला, डोळ्यांनी मंदावलेला पण कानांनी अगदी शाबूत असलेला तो सभ्य गृहस्थ! जो क्षण त्याच्या वयानं हिरावून घेतला होता, तो क्षण त्याला मी पुरवत होतो. मी बॅट कापली, दारं उघडली, कॅचर काही कुजबुजतोय का म्हणून त्याच्या तोंडाकडे डोळ्यांत तेल घालून बघितलं, आणि फितूर माझ्याच पायात!

पुढच्या सामन्यात मी रॉस्को यायच्या आधीच खाली वाकून बसलो आणि तसाच राहिलो. त्याला तीन चेंडू लागले नाहीत, म्हणजे नियमानं बाद. जाताना मागं वळून माझ्याकडे बघून म्हणाला, "पंचसाहेब, आज तब्येत बरी दिसतेय."

सामना संपल्यावर मी त्याला गाडीपाशी गाठलं. म्हटलं, "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"नाटकं करू नकोस. गुडघा."

तो इतका हसला, की त्याला बॉनेटला टेकावं लागलं. "एप्रिलपासून. आधी मला वाटलं तुझं छातीचं संरक्षक सैल होऊन वाजतंय. मग लक्षात आलं, हा माणूस मला बातमी देतोय."

"मला सांगायचं नाही?"

"पिचर सांगतो मला, काय टाकणार ते? तूच न विचारता सांगत होतास. कान उघडे ठेवणं कुठल्या नियमात बसत नाही, ते दाखव. मी दुसरी बॅट पण देतो कापायला."

मी सगळे नियम आठवून बघितले. बसतं. फलंदाजानं स्वतःच्या कानांनी ऐकलेलं सगळं नियमात बसतं. म्हणून आज या सभेत मी पंच म्हणून सांगतो, की रॉस्को टिलमनचा यंदाचा एकेक होमरन चोख आहे. ज्या कुणी न्हाव्याच्या खुर्चीत बसून बोटं मोडली असतील, त्यांनी आता ती सरळ करावीत.

बाईंचं बोलणं मी फक्त नोरीनला सांगितलं होतं, रॉस्कोला त्यातलं अवाक्षर नाही. बाईंनाही गुडघ्याबद्दल बोललो नाही. काय सांगणार? गुडघा वाजतो म्हणून होमरन होतात, असं कुणी मला येऊन सांगितलं असतं तर मीच त्याला हाकलून दिलं असतं. मी फक्त आधीच वाकायला लागलो. रॉस्कोचे होमरन आटले. एक तेवढा परगावी झाला, तिथं पंच दुसराच होता आणि वारा रॉस्कोच्या बाजूनं. त्या होमरननं तो एमेट स्ट्राउडच्या बरोबरीला आला. सामना उरला एक. विक्रमाला हवा एक. आणि तो शेवटचा सामना आपल्याच गावात, प्लेटमागं मी, आणि जाळीच्या पलीकडं, माझ्या अगदी पाठीशी, आपल्या आजच्या अध्यक्षा.

त्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा लवकर गेलो होतो. रॉस्को सराव करत होता. त्यांचे साठी उलटलेले कोच सावकाश, मधोमध चेंडू टाकत होते, आणि हा एकेक चेंडू कुंपणावरून पलीकडे, जिथं आपण गाड्या लावतो तिथं पाठवत होता. त्यातल्या एकानं माझ्या गाडीची काच फुटली. तो लांबूनच ओरडला, "दिसली नाही रे!" हे लक्षात ठेवा. सावकाश येणारा, मधोमध चेंडू. त्याच दिवशी. सकाळी.

दुपारी तो शेवटचं खेळायला आला. आख्खं मैदान उभं. आता आपल्याकडची जुनी रीत तुम्हाला ठाऊक आहेच. कुणी बोलत नाही, पण पाळतात सगळे. चांगला फलंदाज शेवटचा खेळायला आला आणि सामन्याचा निकाल लागून गेलेला असला, की पिचर टोपीच्या कडेला हात लावतो आणि एक सरळ चेंडू देतो, जेवणाच्या ताटासारखा पुढ्यात. पाहुण्या संघाच्या पिचरनं टोपीला हात लावला. कॅचर, दोन मुलांचा बाप आहे तो, मान खाली घालून पुटपुटला, "रॉस्को, मधोमध येतोय. आरामात."

तो चेंडू बाहेर गेला असता तर रॉस्कोचा विक्रम झाला असता, आणि माझं नाव गेलं असतं. खोटं कशाला बोलू? मला तो विक्रम व्हावा असंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं.

चेंडू आला. सकाळसारखाच. रॉस्कोनं बॅट फिरवली ती वीतभर वरून.

दुसरा आला, त्याहून सावकाश. बॅट पुन्हा वरून गेली. कॅचर उठून पिचरकडे गेला, काहीतरी बोलून आला. रॉस्कोला म्हणाला, "काका, आता याहून हळू टाकला तर तो पोचणार नाही हो!" रॉस्कोनं त्याच्या खांद्यावर थोपटलं. तिसरा चेंडू आला, माझ्या मावशीनं पर्सनं मारला असता असा. रॉस्कोनं सगळा जोर लावून बॅट फिरवली, आणि चेंडू टप्पकन कॅचरच्या हातात.

मला हात वर करून बाद द्यायचं होतं. हात उठेना. रॉस्को तसाच पाठमोरा उभा होता. मग मान थोडी वळवून, मला एकट्याला ऐकू येईल असं म्हणाला, "हात वर कर, हॉलिस. बाई बघतायत."

मी हात वर केला.

सामन्यानंतर बाई स्वतः माझ्या खोलीपर्यंत आल्या. "ग्रीर, माझा गैरसमज झाला होता. विषय संपला," म्हणाल्या आणि हात पुढं केला. मोठं मन लागतं त्याला. मी त्यांचे आभार मानले. घरी गेलो, पोटभर जेवलो, आणि आडवा झाल्यावर ताडकन उठून बसलो. त्याला कसं माहीत, की बाई माझ्यावर नजर ठेवून होत्या?

मी नोरीनला हलवून उठवलं. म्हटलं, "तू बर्निसला काही बोललीस?" ती म्हणाली, "झोप आता." हे उत्तर आहे का? दुसऱ्या दिवशी रॉस्कोला विचारलं, "मुद्दाम चुकलास का?" म्हणाला, "म्हातारा झालोय रे. डोळा चुकतो." आणि माझ्या गाडीच्या नव्या काचेकडे बघत उभा राहिला. त्यानंतर मी त्याला जेव्हा जेव्हा विचारलं, तेव्हा तेव्हा त्याला कुठंतरी जायची घाई होती. मला वाटतं, म्हणूनच आज त्यानं मला इथं बोलायला बोलावलंय. लोकांसमोर हा भलतंसलतं विचारणार नाही, गोड बोलेल, आणि प्रकरण कायमचं मिटेल, असा त्याचा हिशेब असावा.

तर रॉस्को, हिशेब चुकला.

अध्यक्ष महोदया, ज्याचा गुडघा फलंदाजाला चेंडू सांगतो, असा पंच लीगला ठेवता येणार नाही, हे मी जाणतो. माझा मुखवटा आणि छातीचं संरक्षक मी गाडीत आणलंय, जाताना आपल्याकडे देईन. मी गप्प राहिलो असतो तर तेही द्यावं लागलं नसतं. पण मग हा माणूस फळ्यावर एमेट स्ट्राउडच्या खाली, बरोबरीचा म्हणून राहिला असता, आणि तो का राहिला हे गावाला कधीच कळलं नसतं. माझं नाव शाबूत राहावं म्हणून यानं आपला विक्रम तीन चेंडूंत हवेत सोडून दिला. आणि वर मला म्हणतो, डोळा चुकतो! अरे, तुझा डोळा चुकत असता तर माझी काच कशी फुटली?

मला हे कुणी आधी सांगितलं असतं, तर मी त्याला असं करू दिलं नसतं. मी भांडलो असतो. एवढं चांगलं माझ्याशी कुणी वागलेलं नाही, आणि त्याचं काय करायचं हे मला कळत नाही. म्हणून सगळ्यांसमोर सांगून टाकतोय.

आता समारोप करतो, कारण रेव्हरंडसाहेबांचा धीर सुटत चाललाय. हॅम आणि बटाट्याचं सॅलड करणाऱ्या सर्व भगिनींचे, हॉल देणाऱ्यांचे, अध्यक्षांचे, महापौरांचे, आणि एवढा वेळ माझ्यावर काहीही न फेकल्याबद्दल मिसेस डॉब्स यांचे मनापासून आभार. बर्निसबाई, नोरीन, तुम्ही दोघी काय बोललात ते मी आता विचारणार नाही. मला बोलायची सवय नाही, ओरडायची आहे. तेव्हा बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, एखादं नाव सुटलं असेल, किंवा एखाद्यावर उगाच संशय घेतला गेला असेल, तर ते आपण पोटात घालावं ही विनंती.

आणि रॉस्को, खुर्चीत बस. मान हलवू नकोस, हात वर करू नकोस. तू ते तिन्ही चेंडू जाणूनबुजून सोडलेस, हा माझा निर्णय आहे. आणि पंचाशी तू आयुष्यात कधी वाद घातलेला नाहीस.